मुलगा खेळाचा संगणक मागतो तेव्हा



सोयाबीन निघाले, विकले, कृषी केंद्राची उधारी भागली आणि ज्याच्या त्याच्या हाती जे उरायचे ते उरले, की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. कोणी विहिरीवरच्या मोटारीचे विचारतो, कोणी मुलीच्या लग्नाचे. या खेपेला दारव्हा तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले. ते वाचून वाटले, हा प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाही. म्हणून उत्तर सर्वांसमोर देतो.

त्या लिहितात : "मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला साठ हजारांचा संगणक हवा आहे. दुकानातून तयार घ्यायचा नाही, सुटे भाग आणून घरीच जोडायचा म्हणतो. आधी अभ्यासाला हवा असे सांगितले. मग धाकट्या बहिणीच्या तोंडून निघाले की गेम खेळायला हवा आहे. तेव्हापासून त्याचे बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. पंधरा दिवस झाले, मी दोघांना वेगवेगळ्या वेळी ताट वाढते. त्याने केलेली यादी सोबत पाठवते. ती बरोबर आहे की पोराला कोणी फसवते आहे, एवढे सांगा."

ताई, यादी मी दोनदा वाचली. पोराला कोणी फसवत नाही, पण यादी कच्ची आहे. कुठे कच्ची आहे ते सांगतो. त्याआधी एक गोष्ट.

ही यादी अभ्यासाची नाहीच. निव्वळ अभ्यासाला, अर्ज भरायला, सातबारा काढायला एखाद्या कार्यालयातून निघालेला जुना संगणकही पुरतो. ही यादी खेळाची आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आपल्याकडे शंकरपटाची जोडी बाळगणारे कास्तकार आहेत. ती जोडी वखराला जुंपत नाहीत, पण तिच्या खुराकावर होणाऱ्या खर्चाचा हिशेब घरात उघड असतो. पोराची चूक खेळ मागितला ही नाही. खेळाला अभ्यासाचे नाव दिले, ही आहे. बाबांचा राग त्या खोट्यावर असेल तर तो रास्त आहे. संगणकावर असेल तर पुढचे वाचून मग ठरवावे.

सुटे भाग घेऊन घरी जोडणे हा खुळेपणा नव्हे. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी मिळते, बिघडला तर तेवढाच भाग बदलता येतो आणि पैसा हाती येईल तसे वाढवता येते. मिळतील ते भाग जुळवून काम साधण्याचे मोठे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. डॉ. विजय भटकर मुर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे. आपल्या दारव्ह्यावरून धावणारी, आता बंद पडलेली 'शकुंतला' ज्या मुर्तिजापूरला जायची, तेच हे मुर्तिजापूर. अमेरिकेने भारताला महासंगणक देण्याचे नाकारले, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. एकच अवाढव्य प्रोसेसर मिळत नव्हता, म्हणून अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपून त्यांनी काम भागवले. आपले काम त्या मानाने फार सोपे आहे. पण जुंपण्याचा नियम तोच : जोडी जमली पाहिजे. एक बैल खिलारी आणि दुसरा मरतुकडा असला, तर बंडी मरतुकड्याच्याच चालीने चालते.

आता यादी घेऊ.

पहिला भाग प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू. मुलाने 'आय-३ १२१००एफ' लिहिला आहे. प्रोसेसर चांगला आहे, पण शेवटचे 'एफ' अक्षर नीट पाहा. इंटेलच्या प्रोसेसरवर 'एफ' असले म्हणजे त्यात चित्र दाखवण्याची सोय नाही. ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय पडदा काळाच राहणार. याउलट एएमडी कंपनीच्या 'रायझन ५ ५६००जी'सारख्या प्रोसेसरमधले 'जी' सांगते की चित्राची सोय आतच आहे. त्याच्यावर कार्डाशिवाय आज संगणक सुरू होतो आणि कार्ड पुढच्या हंगामात बसवता येते. हातात पैसा टप्प्याटप्प्याने येणाऱ्या घराला हा एका अक्षराचा फरक मोठा आहे.

इथेच आणखी एक इशारा. 'आय-७ गेमिंग संगणक, अगदी स्वस्त' अशा जाहिराती पोरांच्या मोबाइलवर सारख्या येतात. आय-५, आय-७ हे नुसते घराण्याचे नाव झाले, पिढी पुढच्या आकड्यात असते. आय-५ ४५७० म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालची. आय-५ १२४०० म्हणजे बारावी. बियाण्याच्या पिशवीवर कणसाचे चित्र कितीही टपोरे असो, आपण लॉट नंबर आणि तारीख पाहतो ना? तसेच हे. विंडोज १० ची नियमित मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. चौथ्या पिढीचा 'आय-७' आज घेणे म्हणजे म्हातारा बैल झूल पाहून घेणे.

दुसरा भाग ग्राफिक्स कार्ड. खेळाच्या संगणकातला बहुधा सर्वांत महाग भाग हाच. यादीत कोणाकडून तरी घ्यायचे वापरलेले 'आरएक्स ५८०' कार्ड आहे. हे कार्ड २०१७ चे. अशी पुष्कळ कार्डे आभासी चलन काढण्यासाठी रात्रंदिवस जुंपलेली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली, त्यांचे काम संपले आणि ती विक्रीला आली. शिवाय याच नावाने '२०४८एसपी' लिहिलेला एक हलका प्रकारही विकला जातो. जुन्या कार्डात फेरफार करून संगणकाला नवे नाव दाखवणारी बनावट कार्डेही बाजारात सापडली आहेत. समोर लावून, अर्धा तास खेळ चालवून दाखवणारा ओळखीचा माणूस असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या फोटोवर जुने कार्ड घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा भाग रॅम. यादीत आठ जीबीची एकच पट्टी आहे. आठ जीबी आता अपुरी पडते, सोळा हवी. तीही आठ-आठच्या दोन पट्ट्या. दोन पट्ट्या असल्या की माहिती दोन वाटांनी ये-जा करते. 'जी' प्रोसेसरला स्वतःची वेगळी स्मृती नसते, चित्रासाठी तो रॅममधूनच उसनी घेतो. म्हणून त्याला दोन पट्ट्यांचा फायदा फारच जाणवतो. मात्र २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी माल उचलला आणि घरगुती गिऱ्हाइकाच्या वाट्याला महागाई आली. मुलाने एखादा जुना व्हिडिओ पाहून भाव मांडले असतील, तर रॅमचा आणि एसएसडीचा भाव आजचा विचारून घ्यावा. किमती मी इथे छापत नाही, कारण अंक तुमच्या हाती पडेपर्यंत त्या बदलतात.

रॅम घेताना बोर्डाशी मेळ पाहावा. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही. ५६००जी ज्या 'एएम४' बोर्डावर बसतो त्याला डीडीआर४ लागते. ही जुनी वाट आहे, तिच्यापुढे फार वाढ नाही. नवी वाट 'एएम५' आणि डीडीआर५ ची. एएमडीने तिला निदान २०२७ पर्यंत साथ देण्याचे म्हटले आहे, पण आज ती महाग पडते. मुलाला हे दोन्ही सांगावे आणि त्यालाच निवडू द्यावे.

चौथा भाग एसएमपीएस, म्हणजे घरातली वीज संगणकाला लागेल तशी करून देणारा डबा. यादीत नुसते 'लोकल ४५० वॅट' लिहिले आहे. ताई, संपूर्ण यादीत मला सर्वांत जास्त भीती या एका ओळीची वाटली.

माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी भाच्याचा संगणक जुळवताना दीड हजार रुपये वाचवायला मी असाच डबा घेतला. वर ४५० वॅट छापलेले, आत काय होते देव जाणे. जूनच्या पहिल्या वादळात लाइन दोनदा गेली आणि आली. डबा जळाला तो जळालाच, बोर्डही घेऊन गेला. दीड हजार वाचवले आणि सात हजारांचे नुकसान केले. भाचा एक शब्द बोलला नाही, पण त्याचे तोंड मला अजून आठवते.

आपल्याकडे डीपीवर भार आला की दाब उतरतो, मोटारी बंद झाल्या की चढतो. म्हणून ओळखीच्या कंपनीचा, '८० प्लस' शिक्का असलेला, १०० ते २४० व्होल्टवर चालतो असे लिहिलेला ५५० वॅटचा डबा घ्यावा. ८० प्लस हा शिक्का वीज कमी वाया जाते एवढेच सांगतो, म्हणून कंपनी आणि वॉरंटीची वर्षेही पाहावीत. डबा पुढे कार्ड आले तरी पुरतो. स्क्रीन आणि यूपीएस सोडून संगणकाला शंभर रुपये लागणार असतील, तर त्यातले आठ-दहा या डब्यावर जावेत, असा माझा ठोकताळा आहे. कार्ड घ्याल तेव्हा त्याच्या वाट्याला पस्तीस-चाळीस जातील. कॅबिनेटला पाच-सात पुरे.

पाचवा भाग कॅबिनेट. पुढून बंद काच आणि रंगीत दिवे असलेले सुंदर कॅबिनेट मुलाने निवडले आहे. पण मे महिन्यात आपला पारा ४४-४५ अंशांवर जातो. प्रोसेसर ठरलेल्या मर्यादेपर्यंत तापला की आपणच आपला वेग कमी करतो. तेव्हा समोर जाळी आणि दोन तरी पंखे असलेले साधे कॅबिनेट बरे. दिव्यांनी खेळ पळत नाही.

यादीत जे नाही तेही पाहा. पोराने मॉनिटर धरलाच नाही! बावीस ते चोवीस इंची, १९२० बाय १०८० चा पुरतो. कीबोर्ड-माउस नाही, यूपीएस नाही. विंडोजचे पैसे नाहीत. चोरीची प्रत फुकट घालून देणारे पुष्कळ भेटतात, पण ज्या यंत्रावरून घरचे बँकेचे व्यवहार होणार, त्यात असली प्रत नको.

म्हणून माझी सूचना अशी. संगणक दोन हंगामांत घ्यावा. या हंगामात 'जी' प्रोसेसर, साधा चांगला बोर्ड, आठ-आठच्या दोन रॅम पट्ट्या, निदान ५०० जीबीची एसएसडी, ५५० वॅटचा एसएमपीएस, जाळीचे कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड-माउस आणि ६०० व्हीएचा यूपीएस. एवढ्यावर व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट हे खेळ चालतात. २०१५ साली संगणकावर आलेला जीटीए ५ चित्राची टापटीप थोडी उतरवून चालतो. सर्वांत महाग भाग आज घ्यायचा नसल्याने मॉनिटर आणि यूपीएसचे पैसे त्यातून निघतात. पुढच्या हंगामात, मुलगा पास झाला आणि पिकानेही साथ दिली, तर 'आरएक्स ६६००'च्या तोडीचे कार्ड घ्यावे आणि यूपीएस मोठा करावा. पीक बुडाले तरी घरात चालता संगणक आहे, अर्धवट सांगाडा नाही. कास्तकाराच्या घरात कोणतीही खरेदी अशीच असावी.

खरेदी यवतमाळ, अमरावती, नागपुरात करा की घरबसल्या मागवा, जीएसटी क्रमांकाचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर भागाचे पूर्ण नाव व नंबर लिहून घ्यावा. बियाणे उगवले नाही की तक्रारीला बिल लागते, इथेही तेच. वॉरंटीत भाग पाठवायचा झाला तर कुठे आणि कोणाच्या खर्चाने, हे आधी विचारावे. पार्सल आले की फोडण्यापासून मोबाइलवर चित्रण करावे. दाद मिळाली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

आता घराची तयारी. संगणक आणण्याआधी वायरमन बोलावून अर्थिंग तपासावे. तीन छिद्रांचा बोर्ड असतो, पण तिसऱ्या छिद्राला तारच नसते, असे कितीतरी घरांत आहे. मग कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे. विजा चमकू लागल्या की प्लग काढूनच ठेवावा, बटण बंद करणे पुरेसे नाही.

दुसरे, भाव वाढेल म्हणून ज्या खोलीत कापूस भरून ठेवता त्या खोलीत संगणक नको. कापसाचे तंतू पंख्यात गुंडाळतात. महिन्यातून एकदा संगणक बंद करून कोरड्या ब्रशने जाळी साफ करावी. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवावे आणि मागच्या मोकळ्या फटींना पत्र्या लावाव्यात. उंदराला वायरी फार आवडतात.

विजेचाही हिशेब करा. पहिल्या टप्प्यातला संगणक स्क्रीनसह सव्वाशे वॅट धरा. रोज चार तास म्हणजे अर्धा युनिट, महिन्याला पंधरा. पुढे कार्ड बसले आणि तीनशे वॅट धरले, तर महिन्याला ३६ युनिट. आपल्या बिलावरचा दर घेऊन गुणाकार मुलालाच करायला सांगावा.

जोडणी मुलानेच करावी, पण घाई नको. टेबलावर, सुती कपडे घालून, आधी धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवावा आणि अलगद ठेवावा. दाबून बसवायची ती वस्तू नव्हे. पुढे कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल बोर्डाला नव्हे, कार्डाला लावावी. ही चूक भलेभले करतात आणि कार्ड खराब म्हणून परत पाठवतात.

बाबांना एक सांगतो. गेम म्हणजे पैसे लावून रमी, असे तुमच्या मनात असेल तर तो प्रकार वेगळा. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्येच केला. मुलगा म्हणतो ते खेळ पैजेचे नाहीत. पण त्यातही नवे कपडे, नव्या बंदुका विकत घेण्याचा मोह असतो. तेव्हा घरच्या खात्याचा यूपीआय पिन मुलाच्या हाती नको, आणि खेळाची वेळ आधी ठरलेली हवी.

मुलालाही एक सांगतो. बेटा, यादी पुन्हा लिही. प्रत्येक भागासमोर तो का हवा, हे एका ओळीत लिही, तेही तुझ्या बाबांना समजेल अशा मराठीत. जिथे कारण लिहिता येणार नाही, तो भाग तुला अजून कळलेला नाही असे समज. आणि अगदी वर लिही : 'हा संगणक मला खेळण्यासाठी हवा आहे.'

ताई, ती यादी तयार झाली की त्या रात्री दोन ताटे एकाच वेळी वाढा. जेवण झाल्यावर यादी दोघांच्या मध्ये ठेवा आणि तुम्ही उठून जाऊ नका, तिथेच बसा. संगणक घ्यायचा की नाही हे तुमच्या घराने ठरवायचे आहे, माझ्या पत्राने नव्हे. सोयाबीनचा पैसा तिघांच्या घामाचा आहे. हिशेबही तिघांनी बसून करावा.

काय ठरले ते मात्र जरूर कळवा. कळावे, लोभ असावा.